गाठीपाशी थांबलेला कापूस

कार्तिक सरत आला की यवतमाळ, वणी, घाटंजी, पांढरकवडा, दारव्हा या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि छोटे टेम्पो असतात. बाजार समितीच्या आवारात लिलाव होतो, काट्यावर वजन होते, कापूस जिनात जातो. तेथे रुई आणि सरकी वेगळी होते. एका क्विंटल कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी असते आणि थोडी घट जाते. सरकीचे तेल व ढेप होते. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती गाठ मालमोटारीत चढून जिल्ह्याबाहेर निघून जाते.

या व्यवहाराचा एक साधा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. एका क्विंटल कापसाच्या रुईतून, कताई व विणाईतील घट सोडली तरी, ढोबळ मानाने शंभर सदऱ्यांचे कापड तयार होऊ शकते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये ठरला. म्हणजे एका सदऱ्यामागे कास्तकाराच्या पदरात सत्त्याहत्तर रुपये पडतात, तेही हमीभाव पूर्ण मिळाला तर. त्यातूनच त्याला बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी भागवायची असते. दुकानात त्या सदऱ्याची किंमत काय असते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. सत्त्याहत्तर रुपये आणि ती किंमत यांमधील अंतरात सूत, कापड, रंग, शिलाई, वाहतूक, व्याज आणि दुकानाचे भाडे सामावलेले आहे. त्या अंतरातच माणसांना रोजगार मिळतो, शहरे वाढतात, सरकारला कर मिळतो. यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला दीडशे वर्षांत या अंतराचा फार थोडा भाग आला.

अर्थशास्त्रात ज्याला संरचनात्मक परिवर्तन म्हणतात त्याचा आशय हाच आहे. सेंट लुसिया या छोट्या कॅरिबियन बेटावर जन्मलेले आर्थर लुईस यांनी १९५४ साली लिहिलेल्या एका निबंधात गरीब देशांच्या वाटचालीचे चित्र रेखाटले. शेतीत गरजेपेक्षा अधिक हात गुंतलेले असतात. उद्योग उभे राहिले की ते हात हळूहळू तिकडे वळतात, उद्योगातील नफा पुन्हा उद्योगात गुंततो आणि एक दिवस असा येतो की शेतीतही मजूर दुर्मीळ होऊन त्याची किंमत वाढते. लुईस यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दक्षिण कोरियाने ही वाट एका पिढीच्या हयातीत चालून दाखवली. १९६० च्या सुमारास तेथील निम्म्याहून अधिक कामकरी शेतीत होते, आज ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. भारतात मात्र एक विचित्र अवस्था निर्माण झाली. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा स्वातंत्र्यानंतर निम्म्यावरून घसरत सहाव्या हिश्श्याच्या आसपास आला, पण २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार देशातील ४६ टक्के कामकरी अजूनही शेतीवरच आहेत. उत्पन्न शेतीतून बाहेर पडले, माणसे मात्र तेथेच राहिली. यवतमाळमध्ये हे चित्र अधिक गडद दिसते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेअठ्ठावीस लाख होती आणि तीत नागरी लोकसंख्या जेमतेम पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक.

यवतमाळ जगापासून तुटलेले होते म्हणून असे झाले, हे म्हणणे टिकत नाही. हा प्रदेश जागतिक बाजाराशी महाराष्ट्रातील अनेक भागांच्या आधी जोडला गेला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्यामागे या काळ्या कसदार जमिनीच्या महसुलाचे आकर्षण होतेच. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या. त्या चार वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला, पण कापूस शेतातून परत गेला नाही. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस उमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. सातासमुद्रापलीकडच्या दलालाच्या तोंडी या मातीचे नाव होते आणि त्याच मातीत १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे अन्नाला मोताद झाली.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट नागपूरला पोहोचली. ती धामणगाववरून गेली, यवतमाळवरून नाही. कित्येक वर्षे यवतमाळचा कापूस बैलगाडीने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर दूरच्या धामणगाव स्थानकावर जात असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूरपासून दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे लाडके नाव दिले. ती मांडणारी किलिक निक्सन ही खासगी ब्रिटिश कंपनी होती आणि तिचा हेतू स्पष्ट होता, वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गावर आणि तेथून मुंबईच्या गोदीत पोहोचवणे. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. कापूस जिथे जात होता तिथलेच इंजिन तो ओढून नेत होते. शकुंतलेविषयी हळवे लिखाण पुष्कळ झाले आहे. तिच्या वाघिणी जाताना काय घेऊन जात आणि येताना काय घेऊन येत, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले.

व्यापाराची शिस्तही येथे लवकर आली. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे सुरू झाला. जैन वाचकांना हे गाव तेथील प्राचीन मंदिरांमुळे व ग्रंथभांडारांमुळे परिचित आहे. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आज प्रत्येक तालुक्यात दिसणाऱ्या बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे. म्हणजे पीक, बाजार, कायदा आणि लोहमार्ग या चारही गोष्टी येथे होत्या. नागपूरला जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, हिंगणघाट, पुलगाव, अकोला, अचलपूर येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. यवतमाळच्या वाट्याला प्रामुख्याने जिन आणि प्रेस आले. जिनाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. हंगाम संपला की यंत्रे थांबतात आणि मजूर परत शेतात जातो. अशा कारखान्यातून कारागिरांची वस्ती तयार होत नाही आणि मुलगा बापापेक्षा वरचे काम शिकत नाही.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला त्याच सुमारास काय घडत होते, ते ताडून पाहण्यासारखे आहे. इचलकरंजीच्या परिसरात कापसाचे पीक वऱ्हाडसारखे नव्हते, मुख्य लोहमार्गही गावात नव्हता. १९०४ साली जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. एका मागाचे शेकडो झाले, शेकड्याचे हजारो झाले. मागासोबत सायझिंग आले, रंगाई आली, सुटे भाग बनवणारे आले, मागाच्या दुरुस्तीत हात बसलेली पिढी आली. इचलकरंजीचे आजचे प्रश्न वेगळे आणि गंभीर आहेत, नदीचे प्रदूषण त्यातलेच एक. परंतु ते उद्योगाचे प्रश्न आहेत. तीच गोष्ट तिरुपूर-कोईमतूरची. तामिळनाडूत कापूस तुलनेने थोडा पिकतो, पण सूतगिरण्या देशात सर्वाधिक तेथे आहेत आणि विदर्भातील गाठी तिकडे जातात. बांगलादेश तर नाममात्र कापूस पिकवतो आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत जगात चीननंतर त्याचेच नाव घेतले जाते. कापूस कोठे पिकतो यावरून समृद्धी ठरत नाही. त्यावर पुढची प्रक्रिया कोण करतो, यावरून ती ठरते.

स्वातंत्र्यानंतर यवतमाळकडे राजकीय सत्ता नव्हती, असेही म्हणता येणार नाही. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सुमारे अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुढे १९९१ ते १९९३ या काळात त्याच घराण्यातील सुधाकरराव नाईक त्या पदावर आले. वसंतरावांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारी आली, अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले, १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना रुजली. ही कामे मोठी होती आणि ती धान्याच्या टंचाईला दिलेली उत्तरे होती. कापसासाठी त्यांच्याच काळात एकाधिकार खरेदीचा कायदा झाला आणि १९७२-७३ पासून राज्यातील सर्व कापूस पणन महासंघाने घ्यावा, असे ठरले. खासगी व्यापाऱ्याच्या मनमानीतून शेतकऱ्याची सुटका झाली हे खरे. कित्येक हंगाम वऱ्हाडातील शेतकऱ्याला शेजारच्या राज्यांपेक्षा बरा भाव मिळाला. पण या योजनेने कापसाला भाव देण्याचे काम केले, कापसाचे कापड करण्याचे नाही. तोटा सरकारच्या खात्यात साचत गेला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी योजना आटोपली. तीस वर्षांत तिच्यावर जो पैसा खर्ची पडला, त्याचा एक हिस्सा जरी सूत आणि मागाकडे वळला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आता केवळ अभ्यासापुरता उरला आहे.

सहकारी सूतगिरण्यांचा प्रयोग झाला नाही असे नाही. विदर्भात अनेक गिरण्यांची नोंदणी झाली, त्यांना सरकारने भागभांडवल दिले. त्यांतील कितीतरी कधी नीट चालल्याच नाहीत. त्यामागे भ्रष्टाचार होता, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. परंतु ज्याने गिरणीचा ताळेबंद वाचला आहे त्याला आणखी एक गोष्ट दिसते. गिरणीला वर्षभराचा कापूस चार महिन्यांत विकत घ्यावा लागतो, म्हणजे जानेवारीत तिचे सारे खेळते भांडवल गोदामात गाठींच्या रूपाने पडलेले असते. त्यावर व्याज चढत असते. जूनमध्ये रुईचा भाव उतरला तर गाठी स्वस्त होतात, कर्ज मात्र महागच राहते. विजेचे दर चढे असले आणि चात्या जुन्या असल्या की उरलासुरला नफाही जातो. ज्या प्रदेशात पिढीजात गिरणीवाले असतात ते या चढउताराला पुरून उरण्याइतका राखीव निधी बाळगतात. निवडणुकीने आलेल्या संचालक मंडळाला ती सवय नसते. आणि मतदार सभासदाला राखीव निधीपेक्षा या वर्षीचा भाव महत्त्वाचा वाटतो, यात त्याचा दोष तरी काय?

येथील व्यापारी वर्गाविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मारवाड आणि गुजरातेतून आलेल्या कुटुंबांनी, ज्यांत जैन कुटुंबे पुष्कळ होती, वऱ्हाडच्या लहान-मोठ्या गावांत अडत, धान्य, कापड आणि जिनिंगचा व्यवसाय उभारला. धर्मशाळा, शाळा, पांजरपोळ यांत त्यांचा सढळ हात राहिला. पण त्यांच्या भांडवलाचे गणित उलाढालीचे होते. कार्तिकात गुंतवलेला पैसा फाल्गुनात मोकळा व्हावा आणि पुढच्या मोसमात पुन्हा फिरावा, अशी ती रीत. सूतगिरणीत पैसा पाच-सात वर्षे अडकून पडतो आणि मग फळ देतो. ती वाट पाहण्याची तयारी अपवादानेच दिसली. पुढच्या पिढीने शिक्षण घेतले, ती पुणे-मुंबई-नागपूरला गेली आणि जिनाच्या जागेवर अनेक गावांत भूखंड पडले. कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच होता, यात शंका नाही. जिल्ह्याच्या बाजूने पाहिले तर येथे कमावलेले भांडवलही कापसाच्या गाठीमागोमाग बाहेर गेले.

कर्जाची कथा याहून वेगळी नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शेतीकर्ज हे बँकेचे कर्तव्य ठरले. शाखा खेड्यात पोहोचल्या, सावकाराला पर्याय मिळाला, हे फार मोठे काम होते. मात्र हे बहुतांश पीककर्ज होते, पेरणीला द्यावे आणि विक्रीनंतर परत घ्यावे अशा स्वरूपाचे. कोरडवाहू कापसात तीन वर्षांतून एक वर्ष पाऊस दगा देतो. मग मार्चअखेर जुने कर्ज कागदोपत्री भरून तेच व्याजासह नवे दिले जाते. बँकेच्या बोलीत याला ‘नवे-जुने’ करणे म्हणतात. खाते थकबाकीत जात नाही, शाखेचा अहवाल स्वच्छ राहतो, सरकारची व्याजसवलत मिळते आणि शेतकरी त्याच पिकाच्या त्याच चक्रात आणखी एक वर्ष उभा राहतो. शेतकऱ्याच्या मुलाने चार यंत्रमाग टाकावेत, तेलघाणा काढावा किंवा ढेप बांधण्याचा लहान उद्योग करावा, यासाठी मुदतीचे कर्ज मागितले की तारण, हमीदार आणि उद्योगाचा पूर्वानुभव विचारला जातो. पीककर्जाला जमिनीचा सातबारा पुरतो. पत अशी जमिनीलाच बांधलेली राहिली, म्हणून माणूसही जमिनीला बांधलेला राहिला.

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. त्याचा मोठा भाग सिंचन प्रकल्पांसाठी होता. दोन वर्षांनी देशव्यापी कर्जमाफी आली. तिची मर्यादा दोन हेक्टर होती. पश्चिम महाराष्ट्रात दोन हेक्टर ओलिताचा शेतकरी चांगला बागायतदार ठरतो. यवतमाळात सात-आठ एकर कोरडवाहू असलेला माणूस त्याच्यापेक्षा कितीतरी गरीब असूनही मर्यादेच्या बाहेर पडला आणि त्याला केवळ काही अंशाची सूट मिळाली, तीही उरलेली रक्कम भरल्यावर. एकाच मापाने सर्व जमिनी मोजण्याचा हा प्रकार दिल्लीत बसून कळण्याजोगा नसावा. पाण्याचेही तेच. पैनगंगेवरचे इसापूर धरण पुसदच्या सीमेवर आहे, पण त्याच्या पाण्याचा मोठा वाटा नांदेड आणि हिंगोलीच्या शेतांना मिळतो.

या काळात शेतीत बदल झालेच नाहीत असे समजू नये. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे बोंडअळीपासून सुटका झाली आणि उतारा वाढला. मग गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्यावरही मात केली. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्वारी मागे पडली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. ज्वारीसोबत कडबा गेला, कडब्यासोबत जनावरे घटली, जनावरांसोबत शेणखत गेले, आणि प्रत्येक गोष्ट रोखीने विकत घ्यावी लागू लागली. पेरणीपूर्वी कृषी केंद्राची उधारी आणि काढणीनंतर तिची फेड, एवढाच व्यवहार बऱ्याच घरांत उरला. सोयाबीनच्या पुढची प्रक्रियाही बव्हंशी जिल्ह्याबाहेरच होते.

उद्योग अगदीच आले नाहीत, असे मात्र नाही. यवतमाळजवळ लोहारा येथे १९९० च्या दशकात रेमंडचा डेनिम कारखाना सुरू झाला. कापसाच्या गावी कापड तयार होऊ लागले, ही त्यातली मोलाची गोष्ट. तेथे शिकलेले तरुण यंत्रावर काम करतात, महिन्याला ठरलेला पगार घेतात, भविष्य निर्वाह निधीत पैसे साठवतात, आणि पाऊस पडला नाही तर त्यांच्या घरची चूल विझत नाही. असे दहा कारखाने झाले असते तर लुईस यांच्या निबंधाचे उदाहरण म्हणून यवतमाळचे नाव घेता आले असते. ते एकटेच राहिले. वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, चुनखडीचा दगड आहे, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला अलीकडेच मोठा सिमेंट कारखाना झाला. त्यांत गुंतलेली रक्कम प्रचंड आणि रोजगार त्या मानाने थोडा. शिवाय कोळसा आणि सिमेंट यांची वाटचालही कापसाच्या गाठीसारखीच, मालमोटारीत बसून बाहेर जाण्याची.

दरम्यान माणसे आपल्या परीने परिवर्तन घडवून आणत आहेत, फक्त ते जिल्ह्याच्या सीमेबाहेर घडते. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस या भागांतील तांड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. पदवीधर मुले पुण्याच्या चाकण-रांजणगावात कंत्राटी कामगार होतात. गावात वेचणीला बायका मिळत नाहीत अशी तक्रार शेतकरी करतो आणि त्याचाच मुलगा बाहेर कमी पगारावर राबत असतो. शेतात मजूर महाग झाला, हे लुईस यांनी सांगितलेले चिन्ह येथे दिसते खरे, पण ज्या कारखान्याने तो ओढून न्यायचा तो कारखाना शेकडो किलोमीटर दूर आहे आणि तेथे राहायला घर नाही.

नव्या योजनांकडे पाहताना या साऱ्याचे स्मरण असावे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पंतप्रधान मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ते यवतमाळपासून फार दूर नाही. कापूस यवतमाळचा आणि सूत अमरावतीचे, असे झाले तरी विदर्भाच्या दृष्टीने ती प्रगतीच ठरेल. परंतु दारव्हा, घाटंजी, राळेगावच्या मुलांना तेथे काम मिळायचे तर त्यांना कताई-विणाई-शिलाईचे शिक्षण आजच मिळायला हवे. उद्योग आल्यावर प्रशिक्षण सुरू केले तर कामगार बाहेरूनच येतील. यवतमाळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विषयांच्या जागा वाढवणे याला मोठा निधी लागत नाही. बँकांनी सातबाऱ्याऐवजी कामाच्या आदेशावर लहान यंत्रांना कर्ज देण्याची तयारी दाखवणे, यालाही लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी माफ केले तेव्हा गिरणीवाले खूश झाले आणि कास्तकार धास्तावला. गिरणी आणि शेत एकाच जिल्ह्यात असती, एकाच घरातील एक मुलगा शेतात आणि दुसरा गिरणीत असता, तर हा निर्णय त्या घराला असा एकतर्फी लागला नसता.

समृद्धी महामार्गही १८६७ च्या लोहमार्गाप्रमाणे धामणगावच्या बाजूनेच गेला, यवतमाळ पुन्हा बाजूला राहिले. शकुंतला थांबून आता काही वर्षे झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद लोहमार्गाचे काम मात्र चालू आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. कळंबहून यवतमाळ थोड्याच अंतरावर आहे. रूळ तेथवर पोहोचतील तेव्हा मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढतील की कापडाचे तागे, हे त्या रुळांवर ठरणार नाही. ते लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील रिकाम्या भूखंडांवर आणि पुढच्या काही मार्चअखेरींना जिल्ह्यातील शाखांमध्ये मंजूर होणाऱ्या कर्जप्रकरणांवर ठरेल.